हिरवा बोर्ड

४ जानेवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चौकातल्या बोर्डावर हवेचा आकडा रोज लाल, वरून फोन येतात, काहीतरी करा म्हणाले. म्हणालो, होऊन जाईल सर. ते मशीन नऊ वर्षं मीच सांभाळतोय. फिल्टर मी बदलतो, बोर्डही मीच पुसतो.

६ जानेवारी
युक्ती सापडली! मशीनभोवती बाग आहे. माळीबुवांना सांगितलं, रोज चारला मशीनच्या आजूबाजूला पाइपने फवारा मारा. धूळ बसते. आकडा १९० वरून ८०. बोर्ड हिरवा. साहेबांनी चहा पाजला.
यात खोटं काही नाही. मशीनजवळची हवा खरंच स्वच्छ आहे. बाकीच्या हवेने तिथे यावं.

९ जानेवारी
ठमी पाच महिन्यांची झाली. हिला म्हटलं, पोरीला कोंडून ठेवू नकोस, पाचनंतर बाबागाडी चौकात नेत जा, बोर्ड हिरवा असतो. ही म्हणाली, नवरा हवेच्या खात्यात असल्याचा एकदाचा फायदा झाला. छाती फुगली.

१७ जानेवारी
ठमीला खोकला. दात येत असणार.

२१ जानेवारी
दात नाहीत. सासऱ्यांना दमा आहे, तिकडूनच आलं असणार. हे हिला बोलून दाखवलं. घरात अबोला.

२५ जानेवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती वाजतेय, वाफ द्या. मोठ्या रस्त्यावर, धुरात नेता का, असं विचारलं. मी मोबाइल काढून चौकातल्या बोर्डाचे पंधरा दिवसांचे संध्याकाळचे आकडे दाखवले. सगळे हिरवे. मग बाहेरची हवा नाही, घरातच धूळ किंवा बुरशी असणार, म्हणाल्या.
हात दाखवून अवलक्षण. उद्या फोन करून खरं सांगायचं. नक्की.

२६ जानेवारी
फोन केला. एंगेज. (एकदाच केला.)

२ फेब्रुवारी
हिने पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, कपाटामागची भिंत घासली. बोटांची सालं निघालीत. म्हणते, माझंच घर घाण, म्हणून लेकरू आजारी. मी म्हणालो, तसं काही नाही गं. आणि एक पडदा पिळून दिला. लाज वाटत होती, पिळताना जरा कमी झाली.
घरात धूळ म्हणून ही आता ठमीला घेऊन दोन-दोन तास चौकात बसते. बोर्डासमोर.
सोमवारपासून फवारा बंद. पक्कं.

५ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बढतीसाठी नाव पाठवणार आहेत. आजच बंद करणं बरं दिसलं नसतं. पुढच्या सोमवारी.

११ फेब्रुवारी
ठमी दवाखान्यात. नाकाला ऑक्सिजनची नळी. माझ्या करंगळीएवढं मनगट, त्यालाही पट्टी. डॉक्टरीणबाईंनी घराबद्दल पुन्हा विचारलं. ही मान खाली घालून म्हणाली, मीच कमी पडले. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं आणि पाणी हवंय का विचारलं.
बाहेर येऊन माळीबुवांना फोन केला, उद्यापासून पाणी नको.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेपाच
दवाखान्यात साहेबांचा फोन आला. बोर्ड लाल झालाय, २१० दाखवतोय, मशीन बिघडलं का? मी म्हणालो, हो सर, बघतो.
हिने ऐकलं. म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी आहे इथे. लोक तो बोर्ड बघून आपली पोरं बाहेर काढतात हो, चुकीचं कळायला नको.
आलो. बागेतल्या नळापाशी बसलोय, ड्यूटीच्या पॅडवर लिहितोय. मशीन उत्तम चाललंय. मघाशी एक बाई बाबागाडी घेऊन आली. तिने बोर्डाकडे पाहिलं, बाळाच्या तोंडावर पदर धरला आणि आली तशी परत गेली.
आता दवाखान्यात जाऊन हिला सांगायचं, घर स्वच्छच होतं. एवढंच वाक्य आहे. तीनदा उठलो. अजून नळापाशीच आहे.