अर्धा मिलिमीटर मोकळीक

२२ सप्टेंबर
परभणीची मुलगी चाकणला लागली! कारखाना छोटा, पण काम मनासारखं. गाड्यांचे वेडेवाकडे सुटे भाग स्कॅन करायचे आणि संगणकावर, कॅडमध्ये, त्यांच्या अंगाला नेमका बसणारा फोमचा साचा काढायचा, एक मागचा अर्धा आणि एक झाकण. प्रवासात धक्का लागू नये म्हणून. मालक लक्ष्मणरावांनी एकच नियम सांगितला: चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर आत गेलेली वस्तू बाहेर निघत नाही.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मशिनींना झेंडू, हळदकुंकू, दिवसभर विसावा. जेवणाच्या सुट्टीत मी उभी राहून बोलले. गेल्या वर्षी कटिंग मशीनवर ज्या कामगाराची बोटं गेली त्याला तुम्ही घरी बसवलंत, आणि त्याच मशीनला नारळ फोडता? सगळे जेवत राहिले. ऑपरेटर ज्योतीराम इथल्याच गावचा. म्हणाला, "मॅडम, भाषण झालं असंल तर हात धुवा. आज मशीनला शिवायचं न्हाई."
मी सगळ्यांसमोर स्कॅनर चालू केला. टेबल रिकामं होतं.
पडद्यावर आकार आला.

३ ऑक्टोबर
खुर्चीत बसावं तसं बसलेलं माणूस. ओळख पटत नाही, फक्त तोंड उघडं, बोलता बोलता थांबल्यासारखं. उजव्या मुठीत काडी, मांडीवर काहीतरी सपाट. जुन्या कामाची फाइल मिसळली असणार. पुसून टाकली.

६ ऑक्टोबर
फाइल परत आली. भोवती साचाही काढलेला, माझ्याच लॉगिनवरून. मोकळीक शून्य. पासवर्ड बदलला. डबा खाताना माझ्या बाकावर कुणी बसत नाही. ज्योतीराम हसत विचारून गेला, मॅडमची उंची किती.

८ ऑक्टोबर
जिन्यात घसरले. डावा अंगठा मुरगळला, पट्टी बांधली. पडद्यावरच्या आकाराचा अंगठाही वाकडा. पट्टीसकट.
हा कट आहे. भीती घालूनच माणसांना गप्प करतात. मी गप्प बसणार नाही.

९ ऑक्टोबर
सकाळी साचा कापून तयार. माणसाएवढा. कुणी कापला, कुणी सांगत नाही. लक्ष्मणराव म्हणाले, विसाव्याच्या दिवशी मशीन तुम्ही उठवलंत, तुम्हीच निस्तरा, नाहीतर राजीनामा द्या. सगळे गोल करून उभे. ज्योतीराम म्हणाला, "बसा की साच्यात. का भ्या वाटतंय?"
आज मागे सरले तर बोटं गेलेल्या माणसाचं नाव इथं पुन्हा कुणी काढणार नाही. बसते. बसून, आतूनच लिहिते. पुरावा राहील.

पाठ बसली. खांदे बसले. अंगठा, पट्टीसकट —
मांडीवर ही वही. मुठीत पेन. म्हणजे ती काडी —
उठता येत नाही. मोकळीक कुठेच —

झाकण उचललंय सगळ्यांनी मिळून. आत माझा चेहरा कोरलाय. तोंडाच्या जागी खळगा नाही, उंचवटा आहे. उघड्या तोंडात नेमका बस