सहाव्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार

तीर्थरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? दादा औषधं वेळेवर घेतो ना? मी खुशाल आहे. चार महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल, पण कारण लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी दिवसा लिफ्टची तपासणी करतो आणि रिकाम्या वेळात टोपणनावाने लोकांना घाबरवतो, हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. (घरी ठाऊक होतं, पण तुम्ही सगळ्यांनी ते मोठ्या मनाने पोटात घातलंत.) सुरुवात मी निव्वळ विज्ञानकथेने केली होती. पहिल्या कादंबरीत दूरच्या ग्रहावरचं बोलकं शेवाळ होतं. प्रकाशक म्हणाले, विज्ञान थोडं कमी करा, रक्त वाढवा. दुसऱ्या पुस्तकात मी शेवाळाला दात दिले आणि तेव्हापासून माझं बरं चाललंय. आजवर एकोणीस कादंबऱ्या झाल्या. मेलेल्यांचा आकडा चारशेच्या वर असावा (ग्रह धरलेले नाहीत).

गेल्या वर्षी मी प्रथमच घरचा माल वापरला. सात मजली इमारतीतली लिफ्ट कधीच न बांधलेल्या आठव्या मजल्यावर जाऊन थांबते, आणि तिथे उतरलेली माणसं सावलीशिवाय परत येतात, अशी ती गोष्ट. पुस्तक खपलं. इतकं, की एका खऱ्या सात मजली इमारतीतल्या रहिवाशांनी ते आळीपाळीने वाचलं आणि लिफ्टला कुलूप घातलं.

मग आमच्या कचेरीत तक्रार आली. अक्षर शाळेच्या फळ्यावर असावं तसं होतं. ‘यंत्र उत्तम असताना एका भिकार पुस्तकापायी ते बंद ठेवले आहे. मी सहाव्या मजल्यावर राहते. माझे गुडघे गेले आहेत. अडीच महिन्यांत मी खाली उतरलेले नाही. लिफ्ट सुरू करावी किंवा लेखकाला अटक करावी.’ साहेबांनी कागद माझ्याच टेबलावर टाकला आणि म्हणाले, दोन्हींतलं जमेल ते करा.

आधी यंत्र तपासलं. ठणठणीत होतं. मग सहा जिने चढून गेलो. बाई निवृत्त शिक्षिका, विषय पदार्थविज्ञान. भाजीची पिशवी दोरीने खिडकीतून वर ओढत होत्या. रस्त्यापलीकडे वाचनालय दिसत होतं. तिथे त्या नऊ वर्षं रोज जायच्या आणि आता नुसत्या बघायच्या. त्यांनी पुस्तक पुढे केलं. समासात पेन्सिलीने एकतीस चुका लिहिलेल्या.

“या माणसाला लिफ्टला तोलणारं काउंटरवेट म्हणजे काय, हे माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“माहीत असेल. ओघात राहून गेलं असेल.”

“तुम्ही त्याची बाजू का घेताय?”

वहिनी, मला खोटं फक्त कागदावर जमतं. मी सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून मला बराच वेळ न्याहाळलं.

“मला वाटलं होतं, उंच असेल,” त्या म्हणाल्या.

इमारतीचे सेक्रेटरी लिफ्ट ठीक असल्याचा माझा दाखला बघेनात. लेखक मीच, हे बाईंकडून कळल्यावर म्हणाले, मग लेखकानेच बसून दाखवावं. कुलूप तात्पुरतं काढलं आणि बाई आणि मी सहाव्यावरून निघालो. चौथ्या-तिसऱ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. वीज गेली असणार. बाहेर रहिवाशांनी एकच कालवा केला. माझे हातपाय गार पडले (घाबरलो नव्हतो, आत हवा कमी होती). बाईंनी शांतपणे पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिल्या चुकीपासून वाचायला सुरुवात केली. सतराव्या चुकीला मला हसू फुटलं, तेविसाव्या चुकीला त्यांना. चाळीस मिनिटांनी एकतिसावी संपली आणि थोड्याच वेळात लिफ्ट चालू झाली.

खाली ही गर्दी. बाई म्हणाल्या, “आत फक्त लेखक होता, आणि तो निरुपद्रवी आहे.” कुलूप त्याच दिवशी गेलं. मी त्यांना वाचनालयापर्यंत पोचवलं. दोन मिनिटांच्या रस्त्याला तास लागला, कारण त्या प्रत्येक दुकानापाशी थांबून बघत होत्या.

तेव्हापासून दर रविवारी मी नवं प्रकरण घेऊन त्यांच्याकडे जातो. विज्ञान वाढलंय. एकशे दहा पानं झाली तरी कुणी मेलेलं नाही, त्यामुळे प्रकाशक काळजीत आहेत. बाकी इकडे सगळं ठीक. मुलांना आशीर्वाद, दादाला नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने दोन माजी विद्यार्थिनी आहेत, माझ्या बाजूने कुणी नाही. तुम्ही याल का? तुम्ही आणलेल्या चौदा स्थळांना मी नाही म्हटलं, ते मनात ठेवू नका. आणि दादाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्याला नवी कादंबरी वाटेल.

ता. क. २ (हे अक्षर माझं आहे, त्यांचं नाही.) वहिनी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून पत्र वाचलं. एक दुरुस्ती. त्या दिवशी वीज गेली नव्हती. दिवा शेवटपर्यंत चालू होता, नाहीतर मी वाचलं कशाच्या उजेडात? थांबवायचं बटण मी दाबलं होतं. चुका एकतीस होत्या आणि मजले सहाच. इन्स्पेक्टरांच्या हे अजून लक्षात आलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. गुरुवारी नक्की या.