उम मजीदच्या मुक्कामाचं गाव

शुक्रवार, ९ जानेवारी १९८१

सप्टेंबरनंतर आज वही उघडली. माफी मागायची तर कारणही द्यावं लागेल. ते नाही. वेळ होता, शाईसुद्धा होती. इथे लिहिलं की मग दिवसभर आपण जे केलं ते बरोबर होतं का, याचं उत्तर द्यावं लागतं. चार महिने ते टाळलं, इतकंच.

आज उम मजीदकडे गेले होते. दर शुक्रवारी जाते. सत्तरीची बाई, हृदय थकलेलं, रक्तदाब कधी माझं ऐकतो, कधी नाही. नवरा नाखुदा होता. स्वतःचं गलबत घेऊन खजूर न्यायचा, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून छपराचे वासे आणायचा. वारून नऊ वर्षं झाली. आखातात राहूनही मला अरबी दवाखान्यापुरतंच येतं, म्हणून आमच्या मध्ये नूरबानू बसते. ही रत्नागिरीकडची, या घरात वीस वर्षं स्वयंपाक करते. बाईचं एक वाक्य असलं की नूरबानूकडून तीन येतात. दोन तिची स्वतःची.

ज्याच्यामुळे ती उम मजीद, म्हणजे मजीदची आई, तो मुलगा घरीच होता. अर्दियाला त्याची गोदामं आहेत. मार्चमध्ये आईला आफ्रिकेत सिंह दाखवायला नेणार म्हणतो. खाजगी गाईड, स्वतंत्र जीप, स्वतंत्र आचारी, बरोबर नूरबानू. गाईडचा टेलेक्स आलाय – मुक्कामाचं गाव आधी कळवा, त्यावर पुढचं सगळं ठरेल. मजीदने नैरोबी ठरवलंय. तिथलं हॉटेल फार मोठं आहे म्हणे. "दक्तूरा, तुमची परवानगी हवी."

मी हो म्हटलं. फार लवकर म्हटलं का?

मंगळवार, १३ जानेवारी

जयरामने ॲटलास काढला. (तोंडावर नाव घेत नाही, वहीत घ्यायला काय हरकत!) मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत दिवसभर मीटरचे काटे बघून आलेला माणूस जेवण सोडून दोन तास आफ्रिकेत फिरला. त्याच्या मते मुक्काम टांझानियातल्या अरुशालाच हवा, खरे प्राणी तिकडे. मग त्यालाच आठवलं की केनिया-टांझानियाची सरहद्द बंद आहे. फार वाईट वाटलं त्याला. आम्ही कुठेही जाणार नाही आहोत, हे मी बोलले नाही. आमची सफारी म्हणजे वफ्र्याच्या शेतावरून टोमॅटोची पेटी आणणं.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज उम मजीदने सुनेला चहाच्या निमित्ताने बाहेर घालवलं. मग माझा पट्टा बांधलेला हात धरला – म्हणजे रक्तदाबाचा पट्टा तिच्या हाताला, धरलेला हात माझा.

नैरोबी उंचावर आहे ना, उंची हृदयाला वाईट ना, असं तिने विचारलं. तसं लिहून द्या म्हणाली. मोंबासा समुद्राकाठी आहे. मुक्काम तिथेच व्हायला हवा.

मी म्हटलं, मोंबासाहूनही सिंह दिसतात, काही तासांचा रस्ता आहे.

नूरबानूने भाषांतर केलं: "बाई, ती म्हनते, सिंवांना मी काय करू? माझी सवत हाय तिकडे."

नाखुदाने मोंबासाला दुसरं लग्न केलं होतं. चाळीस वर्षं जुन्या माणसांना माहीत, बोलायचं मात्र कुणी नाही. धर्माने गैर नाही, त्यामुळे भांडताही येत नाही. वर्षातले चार महिने तो इथे, आणि त्या चार महिन्यांत तो बोलत नसे. जेवायचा, छताकडे बघत पडायचा. म्हातारीला एकच विचारायचंय त्या बाईला.

"तिथे तो बोलायचा का?"

याचं भाषांतर नूरबानूने एकाच वाक्यात केलं. तिने स्वतःचं काही घातलं नाही असं पहिल्यांदाच झालं.

मजीदला यातलं काही ठाऊक नाही, आणि कळताही कामा नये, म्हणाली. त्याचा बापावर फार जीव.

शनिवार, १७ जानेवारी

पुस्तकं काढली. नैरोबी साडेपाच हजार फूट. अशा हृदयाला त्रास होऊ शकतो. होईलच असं नाही. म्हणजे 'उंची टाळावी' असं लिहिलं तर खोटं नाही. पण मी ते हृदयासाठी लिहिणार नाही, सवतीसाठी लिहिणार. खरं वाक्य भलत्या कारणासाठी लिहिलं तर ते काय होतं? कॉलेजात हे शिकवलं नाही. शरीरशास्त्र मात्र दोन वर्षं शिकवलं.

मंगळवार, २० जानेवारी

दाखला लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. अक्षर चांगलं आलं म्हणून हा फाडला नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

पर्समध्ये दाखला घेऊन बसले होते आणि दवाखान्यात मजीदच हजर. दार लावून घेतलं. गाईडचा पुन्हा टेलेक्स आला होता आणि आईने मोंबासाचं नाव काढलं होतं. तो घाबरला होता.

त्याला म्हणे एक दाखला हवा. मोंबासाला दमट हवा, मलेरिया. आईला तिथे नेऊ नये, असा.

मी कारण विचारलं. माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून नाडी मोजतात तसं घड्याळाकडे बघत राहिले.

त्याला सगळं ठाऊक आहे. बाप गेल्यावर तोच कळवायला मोंबासाला गेला होता. नंतरही दोनदा गेला. दर ईदला पत्र लिहितो. "फार चांगली बाई आहे, दक्तूरा. मला मुलगाच म्हणते. पण आईला कळलं तर तिचं हृदय तिथल्या तिथे थांबेल."

हृदयाची इतकी काळजी करणारं घर मी पाहिलं नाही. आईने एवढं एक गुपित मुलापासून जपलं आणि मुलाने तेच आईपासून. आणि दोघांना ते माझ्या लेटरहेडवर हवं आहे.

शनिवार, २४ जानेवारी

मोंबासाचा मलेरियाही खरा आहे. नैरोबीची उंचीही खरी आहे. दोन्ही दाखल्यांवर मी डोळे मिटून सही करू शकते, हीच अडचण.

जयरामला सांगितलं – नावं न घेता. त्याने अर्थात ओळखलं. म्हणाला, "दोन्ही देऊन टाक. गाईड अरुशाला नेईल." हसला नाही. अरुशाचं अजून मनात आहे त्याच्या.

मग मी तिसरा दाखला लिहिला. नैरोबीत हे जपावं, मोंबासात ते. दोन्हीकडे जाता येईल. रुग्णाची बुद्धी शाबूत आहे, गाव तिने निवडावं. अगदी निर्दोष कागद. स्वतःवर इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते. म्हणजे कुठेतरी चुकलं असणार.

शुक्रवार, ३० जानेवारी

दोघांसमोर वाचून दाखवला. मी इंग्रजीत, मजीदने अरबीत.

शेवटच्या वाक्यावर तो अडखळला. 'गाव तिने निवडावं.' म्हातारी त्याच्याकडे बघत होती. इतका वेळ बघत होती की मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला घेतला. मग तिने त्याला हळू काही विचारलं. तो मान खाली घालून "ऐवा", म्हणजे हो, म्हणाला. एवढं अरबी मला येतं.

"तिनं इचारलं, ती जिती हाय ना," नूरबानू माझ्या कानात.

म्हणजे मुलालाही ठाऊक आहे, हे तिला आत्ता कळलं. की आधीपासूनच ठाऊक होतं? हृदय थांबलं नाही. मजीद मात्र भिंतीला टेकला. मी त्याचीच नाडी बघितली. एकशे वीस.

मग त्याने हार मानली. चल आई, मोंबासाला, उद्याच टेलेक्स करतो, म्हणाला. मला वाटलं, सुटले.

म्हातारीने डोक्यावरचं काळं वस्त्र नीट केलं. नूरबानूने जसंच्या तसं सांगितलं:

"मी पहिली. मी तिच्या दारात जाऊन उभी ऱ्हानार नाय. धाकटीनं थोरलीकडं यायचं असतं."

मोंबासा रद्द. नैरोबीही रद्द. सिंहांचं तर कुणी नावच काढलं नाही.

मजीद मला गाडीपर्यंत सोडायला आला. त्या लग्नाचा इथे कागद नाही, त्या बाईला व्हिसा मिळायचा कुठल्या नात्याने, एवढं म्हणाला. वाटेत मला माझ्या निर्दोष कागदाचा राग आला. एका ओळीने मी एका बाईला हक्क दिला आणि तिने तो वापरून स्वतःचीच वाट बंद केली. आधीच्या दोन दाखल्यांपैकी एखादा दिला असता, तर?

सोमवार, २ फेब्रुवारी

नूरबानूचा फोन. उम मजीदने वाट काढली आहे. परदेशातून इलाजासाठी येणाऱ्याला व्हिसा मिळतो. फक्त इथल्या डॉक्टरचा दाखला लागतो.

मोंबासाची बाई मी जन्मात पाहिलेली नाही. मजीद सांगतो, तब्येत ठणठणीत आहे, रोज मैलभर चालते.

मी हो म्हटलं. नूरबानूचं वाक्य पुरं होण्याआधी.

उद्या: तिच्यासाठी आजार शोधणे – जिवाला धोका नसलेला, पण दोन-तीन महिने बरा न होणारा.