चंदाचा चहा अन् माझे दहा आकडे

मंगळवार, ४ मार्च

आधी टपकली ते शेजारची रामीबाई. जीप अजून नळापाशीच होती, तं ही आमच्या ओट्यावर हजर. मले इचारते, काकी, सर्वेवाले आले काय? म्या म्हटलं, बाई, सर्वेवाले कुठं एवढे हसतमुख राह्यतात? निताच्या वाशिमच्या कॉलेजचे लोक होये हे. मंग तिच्या मागून तिची चंदा आली. अन् मंग जीपमधून उतरल्या चष्मेवाल्या मॅडम, अन् पिशवीवाले सर. म्हणजे पावणे मागून, अन् बघे आधी. आमच्या तांड्यात असंच राह्यते.

निता माझी नात. शिक्षकीण होऊन राह्यली, अन् तेही दोन प्रकारची. हायस्कुलातल्या नववी-दहावीलेही शिकवाचं, अन् ज्या लेकरायले समजाले उशीर लागते त्यायलेही शिकवाचं. त्याले स्पेशल बी.एड. म्हणतात. माझ्या घराण्यात मी सोडून कोणी चौथीच्या पुढं पाह्यलं नव्हतं, अन् मीही चौथी नुसती पाह्यलीच होती. आता हे पोट्टी एवढी शिकली म्हणजे ते माझ्यावरच गेली.

तिचा शेवटचा पाठ घरी होणार हाये. पाठ कायचा, तं चहाचा! चंदा चौदा वर्षाची हाये. बोलते कमी, पाह्यते जास्त. तिनं १९ तारखेले या दोन परीक्षकायसमोर आपल्या हातानं चहा करून द्याचा, कोणाच्या मदतीशिवाय. केला तं निता पास. रामीबाईच्या घरी लाकडाची चूल, म्हणून परीक्षा आमच्या गॅसवर.

गोविंदसिंगनं, म्हणजे माझ्या पोरानं, सांगून ठिवलं हाये : यावर्षी पास झाली तं नोकरी कर, नाई झाली तं कॉलेज बंद.

म्या ठरवलं, आपण मधात पडाचं नाई. मी अशीही पडत नाई.

पावण्यायले चहा दोनदा देल्ला.

गुरुवार, ६ मार्च

निताचं शिक्षण पाहून हसू येते. एका चहाचे तिनं अकरा तुकडे केले. गंज, म्हणजे पातेलं, घ्या, पाणी टाका, गॅस लावा, असे. एकेका तुकड्याचं चित्र काढून गॅसच्या ओट्याच्या वरती भिंतीले चिकटवलं. शेवटच्या चित्रात कप धुऊन राह्यले. म्या म्हटलं, बाई, म्या पन्नास वर्स चहा केला, मले तं हा एकच तुकडा वाटला. निता म्हणे, आजी, म्हणूनच तुले शिकवता येत नाई.

लहान हाये. समजन तिले.

पद्धत अशी. पहिले चंदाचा हात धरून कराचं. मंग नुसतं बोटानं दाखवाचं. मंग काहीच कराचं नाई, नुसतं उभं राह्याचं. ती अडली तं मनात दहापर्यंत मोजाचं, मंगच बोलाचं. अन् बरोबर केलं का लगेच बक्षीस. चंदाले भाजलेले शेंगदाणे आवडतात, म्हणून एका तुकड्याले एक दाणा.

मले हे सगळं एका दिवसात आलं. निताले दोन वर्स लागले.

रविवार, ९ मार्च

आता मीही सराव करून राह्यली. शेंगदाणे कनवटीले बांधले.

बकरीनं दूध दिलं, दाणा देल्ला. सून चना सोंगाले वावरात गेली, जाता जाता दाणा देल्ला. गोविंदसिंगनं जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीत ठिवलं, हे तीस वर्सात पहिल्यांदा, म्हणून दोन देल्ले. तो म्हणे, याडी (आमच्यात मायले याडी म्हणतात), हे काय? म्या म्हटलं, शिक्षण.

वाशिमच्या बसमधी कंडक्टरनं सुटे पैसे न मागता तिकीट फाडलं. त्यालेही देल्ला. त्यानं खाऊन टाकला. म्हणजे पद्धत मोठ्या माणसावरही चालते. कॉलेजवाल्यायले हे सांगा लागन.

दहा मोजणं तेवढं राह्यलं हाये. ते सोपं हाये, शेवटी करीन.

मंगळवार, ११ मार्च

चंदाले गंज ठेवता येते, पाणी मापून टाकता येते. साखर ते जरा जास्त टाकते, पण ते आमच्या तांड्याच्या अंगातच हाये, त्याले चूक नाई म्हणता येत. दूध ओतलं. आता चहा वर येऊन राह्यला, अन् ते पोरगी नुसती पाहून राह्यली. निता गप्प. रामीबाई तोंडात पदर घालून गप्प. मी मोजाले लागली. एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढं मले तं गॅसवर वाहून गेलेला चहाच दिसते. मी उठली अन् गॅस बारीक केला.

निता म्हणे, आजी, तिनं हात उचलला होता!

मले दिसला नाई. अन् दिसला असता तरी गॅस माह्याच घरचा.

ठराव : उद्यापासून सातपर्यंत मोजाचं.

शनिवार, १५ मार्च

कालची धुळवड. तांड्यात नाच झाला, गाणे झाले. मी जास्त नाचली नाई, पण पाय आज माह्ये नाईत.

आज चंदानं सात तुकडे केले. आठवा माझ्याकून झाला. गाळणी खाली पडली अन् मी फक्त उचलून देल्ली. त्याले मदत म्हणतात काय? निता म्हणे म्हणतात. रामीबाई माझ्याजवळ बसून डोळे पुसाले लागली. म्हणे, काकी, मी मेल्यावर हिले घोटभर चहा कोण देईन म्हणून मी रात रात जागते, तिनं तिचा करून घेतला तं मी सुखानं मरीन. म्या म्हटलं, मराची घाई काहून करते, परीक्षा तं होऊ दे.

मले वाईट वाटलं. आतमधी खोल वाटलं. म्हणून आता पक्कं : परीक्षेच्या दिवशी सैपाकघरात पायही ठेवाचा नाई.

बुधवार, १९ मार्च, दुपारी

सैपाकघरात पाय ठेवला नाई, असं म्हणता येत नाई.

झालं असं. जीप साडेअकराले येणार होती, आली अकराच्याही आधी. निता चंदाले आणाले गेलती. घरी मी एकटी. मॅडम अन् सर, दोघंही खाटेवर. बाहेर उन्हाचा ताव. आता माझ्या सासूनं मले पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, का पावण्याले चहा घेता का असं इचाराचं नाई. इचारलं म्हणजे द्याचा नाई असा त्याचा अर्थ होते. अन् एका कपावर सोडलं म्हणजे पावणा वेशीबाहेर जाऊन बोलते.

मंग मी काय करू? पाणी देल्लं. चहा देल्ला. सर नको म्हणाले, म्हणून अजून देल्ला. मॅडम म्हणाल्या, आजी, आता पुरे, आम्हाला चंदाचा प्यायचा आहे. म्या म्हटलं, तोही प्या, पोट तं तुमचंच हाये.

निता दारात आली. माझ्याकडे पाह्यलं, कपायकडे पाह्यलं. तिच्या मागं चंदा. चंदानं ओट्यावरचे चित्र पाह्यले, रिकामे कप पाह्यले. चहा पिऊन झालेला. मंग सरळ शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं, कप गोळा केले, अन् मोरीत बसून असे घासले का आमच्या सुनेनं कधी घासले नसतील.

म्हणजे पोरीचं डोकं बरोबर! चहा झाला, आता कप धुवाचे. माह्यं तं म्हणणं, पूर्ण मार्क द्या.

सर म्हणे, शेवटच्या पायरीचा मार्क देतो. बाकी दहा पाह्याले गुरुवारी, २७ तारखेले येतो. अन् हळूच निताले म्हणे, आजींचं काहीतरी कर.

बुधवार, १९ मार्च, संध्याकाळी

गोविंदसिंग जेवला नाई. म्हणे, याडी, पोरीचं वर्ष तू पिऊन टाकलं, तेही दोन दोन कप. रामीबाई आली, बाहेरच्या ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसली. मले वाटते माझ्यावर चिडली. कायले चिडते? कप तं तिच्याच पोरीनं धुतले.

निता नाई चिडली. ते वही पेन घेऊन चित्र काढत बसली. तसं पाह्यलं तं मले तिचं चिडणं सोसलं असतं.

शुक्रवार, २१ मार्च

आज घरात माझा मान वाढला. निताने माझं चित्र काढून भिंतीले लावलं! चंदाच्या चित्रायच्या शेजारीच. पहिल्या चित्रात मी सैपाकघराच्या कोपऱ्यातल्या बाजेवर बसून हाये. दुसऱ्यात माझे हात मांडीवर. तिसऱ्यात तोंड बंद. तिसरं काही माझ्यासारखं आलं नाई, पण बाकी नाकडोळे बरोबर.

म्या इचारलं, हे कायले? निता म्हणे, आजी, तू आमच्या पाठात हाये. मले आधीच वाटलं होतं. त्याय लोकायले माझ्याकडून शिकाचं दिसते.

अन् सांगते, मी बाजेवर बरोबर बसली तं निता माझ्या हातावर एक दाणा ठेवते. नातीचं प्रेम. माझा एक दात हालते, पण मी नाई म्हणत नाई.

मंगळवार, २५ मार्च

तालीम. मी बाजेवर. चंदा गॅसपाशी. मी सातपर्यंत गेली! मंग म्हटलं, चंदे, साखर. निताने दाणा देल्ला नाई. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी आठपर्यंत गेली, अन् चंदानं साखर स्वतःच टाकली, अन् वळून माझ्याकडे असं पाह्यलं का मले ओळखते बरं.

गोविंदसिंग म्हणे, २७ले तू मानोऱ्याले बहिणीकडे जा. म्या म्हटलं, माझ्याशिवाय पोरीचा पाठ कसा होईन? तिच्या तीन चित्रातली मी कुठून आणसान?

तो कपाळावर हात मारून बाहेर गेला. त्याले पटलं.

गुरुवार, २७ मार्च

आज सकाळपासून मी बाजेवर. लघवीले दोनदा उठली, ते निताने मोजलं नाई.

जीप आली. पाणी सुनेनं देल्लं. मॅडम बसल्या, सर बसले. चहा नाई! माह्या घरात पावणे बसून हायेत, अन् त्यायच्या समोर नुसतं पाणी. मले असं झालं का जमीन फाटावी. सासूचा चेहरा डोळ्यापुढं. पण हात मांडीवर. तोंड बंद. मी भिंतीवरच्या चित्रातल्या माह्याकडे पाह्यत बसली.

चंदा आली. गंज घेतला. पाणी टाकलं. गॅस लावाले काडी नाई लागत, बटण हाये, तरी तिनं एकदा फिरवलं, लागला नाई. सगळे थांबले. मी दोन, तीन, चार. तिनं परत फिरवलं, लागला! मी खुश, पण गप्प. चहापत्ती. साखर, थोडी जास्त. दूध.

मंग चहा वर येऊ लागला. चंदा पाहून राह्यली. रामीबाईनं डोळे मिटले. मी पाच, सहा. अन् एवढ्यात काय व्हावं! मॅडमनंच हात पुढं केला, बटण बारीक कराले! एवढ्या शिकलेल्या बाई, त्यायलेही धीर निघेना. मी बाजेवरून उठली का उडली मले माहीत नाई, पण मी त्यायचं मनगट गच्च धरलं. मॅडम म्हणे, आजी! म्या म्हटलं, दहा झाले नाईत, बाई. सात. आठ.

नऊवर चंदानं बटण फिरवलं. चहा खाली बसला. एक थेंब सांडला नाई.

मी मनगट सोडलं. मॅडमच्या हातावर माझ्या बांगड्यायचे वळ उठले. सर खालमानेनं कागदावर काही लिहून राह्यले होते, अन् त्यायचे खांदे हालत होते.

चंदानं गाळला, कपात ओतला. मॅडमले देल्ला, सरले देल्ला, मायले देल्ला. रामीबाईनं घोट घेतला अन् रडाले लागली, म्हणे गोड झाला. गोविंदसिंगलेही देल्ला. तो उभ्यानं प्याला अन् खाली पाहून म्हणे, चांगला झाला बाप्पा, आमच्या घरच्यापेक्षाही.

मले चहा नाई आला. मंग चंदा माझ्यापुढं आली. मुठ्ठी उघडली, अन् माझ्या हातावर एक शेंगदाणा ठेवला. मंग भिंतीवरचं माझं तिसरं चित्र पाह्यलं, तोंड बंद असलेलं, अन् दाणा परत घेऊन स्वतः खाल्ला. कारण मी बोलली होती.

बरोबर केलं पोरीनं.

निता पास. मॅडम हात चोळत म्हणाल्या, चंदाचे पूर्ण मार्क. गोविंदसिंग लगेच म्हणे, मंग नोकरी पक्की समजू का? निता म्हणे, अर्ज करते बाबा. अन् तो हसला.

मॅडम निघताना निताले बाजूले घेऊन म्हणाल्या, चंदाला तू शिकवलंस ते उत्तमच, पण आजींवर काय केलंस ते मुलींना दाखवायचं आहे, आपली पूर्ण बॅच आणते. निता म्हणे, या.

आता हे समजून घ्या. कॉलेजची पूर्ण बॅच माझ्यासाठी येऊन राह्यली. म्या निताले इचारलं, मंग मी त्यायले काय शिकवू? ते म्हणे, आजी, तू काही शिकवाचं नाई. तू बाजेवर बसाचं. त्या मुली तुले शिकवतीन.

म्या म्हटलं, बस एवढंच? ते म्हणे, एवढंच लय अवघड हाये, आजी.

मनात मोजलं. पाचवर थांबली.

रामनवमीले पोहरादेवीची गर्दी राह्यते, रस्ता भरते, म्हणून जत्रा झाली का दुसऱ्याच दिवशी येणार हायेत, सोमवारी, ७ एप्रिलले. वीस पोरी. तेवढ्यायचे कप कोणाकडून आणावे? रामीबाईकडून सहा येतीन.