समासातल्या रेघा

अहो,

चार महिने तुमच्याशी मनातल्या मनात बोलते आहे. आज कागद घेतला, कारण आज जे कळलं ते एकटीला पेलवत नाही. मला भीती वाटतेय. मुक्ता आत झोपली आहे, उजव्या कोपराखाली उशी आणि वर खालच्या बकाल्याच्या दुकानातून आणलेल्या बर्फाची पिशवी. उद्या शुक्रवार, तिच्या टीमची सेमीफायनल. आणि तिचा हात माझ्या चुकीने कामातून गेला असेल का?

तुम्हाला बेसबॉलचं वेड लागलं तेव्हा मी किती हसले होते! चिपळूणचा माणूस, जन्मभर क्रिकेट बघितलेला, आणि इथे आखातात, फिंतासच्या वाळूच्या मैदानावर मुलांच्या लीगचा स्कोअरर. मुक्ता पिचर झाली, म्हणजे तिथली बोलर, आणि मग तर तुमचा ताळच सुटला. इंटरनेटवरचे लेख ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणायचात आणि जेवताना आमटीच्या भांड्याला टेकवून वाचायचात. "सुनंदा, किती रन पडले त्यावरून पिचर कळत नाही गं. मागे झेल घेणारी पोरं चांगली असली की कोणीही हीरो! स्ट्राइकआउट करून स्वतः बाद किती केले, बाहेरचे बॉल टाकून फुकटचे वॉक किती दिले, होमरनचे षटकार किती खाल्ले, एवढंच तिचं स्वतःचं. बाकी सगळं नशीब आणि शेजारी." मी म्हणायचे, भाजी थंड होतेय.

गणित अमेरिकेचं, पण वही मात्र तुम्ही क्रिकेटचीच ठेवलीत. सहा-सहा ठिपक्यांचे गट, ओव्हर मांडल्यासारखे. बाहेर गेलेला बॉल असला की ठिपक्याऐवजी समासात एक उभी रेघ. वर्षभर तुमच्या शेजारी चहाचा थर्मास धरून बसले आणि बघून बघून शिकले.

जानेवारीत तुम्ही गेलात. वाक्य अर्ध्यावर सोडून उठल्यासारखे! शाळेतली माझी नोकरी होती म्हणून आम्हा दोघींना इथे राहता तरी आलं. पण शाळेतून आले की मी खोलीत, दार लोटून, भिंतीकडे तोंड करून. मुक्ता अंडं उकडून ताट आत आणून द्यायची. मग एक दिवस कोचचा फोन आला. तुमची वही कोणालाच वाचता येत नाही, मी येईन का? मी गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उन्हात बसले.

पंचाहत्तर बॉल झाले की पिचरला थांबवायचं, हा कोचचा नियम. त्यांनी मागे वळून विचारायचं आणि मी आकडा सांगायचा. मी ठिपके मोजून सांगत होते. समासातल्या रेघा सोडून! वाइड बॉल मोजायचा नसतो, हे भावांनी अंगणात शिकवलं होतं ना मला! मग इथे वेगळं कसं असेल, असा प्रश्नसुद्धा पडला नाही. तुम्ही त्या रेघा शेवटी मिळवत होतात. एवढं एक सांगायला काय झालं होतं हो? होमरनवर तासतासभर बोलायचात, तेव्हा हे का नाही आलं तोंडात?

आज सकाळी तिला वेणी घालता येईना. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "इट्स नथिंग, आई. कोचना सांगू नकोस." तशीच क्लिनिकमध्ये नेली. एक्स-रे काढला, पण हाडांचे डॉक्टर शनिवारीच बघणार. घरी आल्यावर जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून वही घेऊन बसले. तुमच्या जुन्या पानांवर खाली बेरजा आहेत. ठिपके अधिक रेघा. ते पाहिलं आणि मी मागच्या शुक्रवारचं पान काढलं. कोचना मी बहात्तर सांगितले होते. रेघा धरून मोजले. एकशे चौदा. पुन्हा मोजले. एकशे चौदाच.

मग पहिल्यांदा तुमचं गणित मांडून बघितलं. रन तिला पडतच नव्हते, म्हणून कोच खूश आणि मीही खूश. पण सामन्यागणिक वॉक वाढत गेलेत आणि स्ट्राइकआउट कमी होत गेलेत. मागची पोरं झेल घेत होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. हात दमलाय हे वही महिनाभर सांगत होती, आणि ती वही लिहीत कोण होतं? मी! तेरा वर्षांचं कोवळं हाड आहे. वाढायच्या जागीच दुखावलं असेल तर? हात कायमचा आखडला तर?

दुपारी तिच्यापुढे वही ठेवली. म्हटलं, बाळा, माझं मोजायचं चुकलं.

ती वहीकडे बघेना. म्हणाली, "आय नो. बाबा साइडच्या लाइन्स अ‍ॅड करायचे."

मी ओरडलेच. "मग बोलली का नाहीस? हात दुखत असताना?"

"यू वेअर ऑल्वेज इन दॅट रूम, आई. मग तू मॅचला यायला लागलीस. मी करेक्ट केलं असतं तर तू वही ठेवून दिली असतीस."

ऐकताय ना? मी घराबाहेर यावं म्हणून ही पोर दुखऱ्या हाताने बॉल टाकत राहिली. एक्स-रेची भीती आहेच, पण आता तिच्याहून मोठी भीती धरून बसले आहे. हिने आणखी काय काय गिळलं असेल? तुम्ही गेल्यापासून ती माझ्यासमोर एकदाही रडलेली नाही. आणि मी फोनवर सगळ्यांना सांगत होते, मुक्ता फार खंबीर आहे हो!

उद्या सकाळी सातची टॅक्सी सांगितली आहे. कोचसमोर वही उघडून माझी चूक मी सांगणार, इंग्रजी अडखळलं तरी. मुक्ता बाकावर बसेल, टीम हरली तरी आणि माझ्यावर चिडली तरी. वही मी सोडणार नाही.

हे सगळं उद्याचं. आजचं वचन वेगळं आहे. आता ती उठेल. उठली की मी तिच्यासमोर रडणार आहे, दार न लोटता, म्हणजे तिलाही रडता येईल. खरं सांगू? मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटतेय. पण रडणार आहे.

तुमची,
सुनंदा
सालमिया, गुरुवार