खरवसाचा इलाज

चिंचवड, २ जानेवारी १९५६
देहूरोड डेपोच्या डॉक्टरांनी लघवीत साखर शोधून काढली. म्हणाले, रंगराव, आजपासून रोज इंजेक्शन घ्या. हयगय केलीत तर पाय जाईल. शिवाय म्हणाले, जेवणाआधी पेलाभर बिनसाखरेचं दूध घेतलं तर त्यातल्या प्रोटीनमुळे जेवण पोटातून सावकाश उतरतं, साखर एकदम चढत नाही. पण इंजेक्शनऐवजी हे चालणार नाही. असं शेवटी डॉक्टरांना म्हणावंच लागतं. सुईचं मला जमत नाही. निश्चय: महिनाभर दूध, मग बघू.

३ जाने., सकाळी ६
पहिली टेस्ट. नळीत निळं औषध, लघवीचे आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. पुढे हिरवं, पिवळं, आणि विटकरी म्हणजे कठीण. आलं हिरवं. निळ्याच्या फार जवळ आहे.

९ जाने.
पिवळं. औषध जुनं असणार. दूध दुप्पट केलं. तहान फार लागते, हवा कोरडी आहे. बायको मंजुळा म्हणाली, तुम्ही जाऊन आलात की मोरीत मुंग्यांची रांग लागते. गुळाचा डबा उघडा राहिला असेल, म्हटलं. ती म्हणाली, गूळ मोरीत ठेवत नाहीत.

१२ जाने.
शेजारच्या सोपानरावांची म्हैस व्याली. चरवीभर चीक आला, मंजुळाने नाराजीनेच खरवस केला. व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दुधात प्रोटीन सर्वांत जास्त! गूळ होता, पण प्रोटीन त्याला धरून ठेवणार. दोन वड्या खाल्ल्या. प्रोटीन कमी पडू नये म्हणून आणखी तीन. सोपानराव म्हणाले, ‘बिनघोर खा. चिकानं कुनाचं वाईट झाल्यालं आमी न्हाई बघितलं.’ अनुभवी माणूस.

१४ जाने., संक्रांत
अकरा घरी तिळगूळ. नाही म्हणता येत नाही. प्रत्येक घरी आधी बिनसाखरेचं दूध मागितलं. चौथ्या घरापासून लोक मंजुळाकडे बघू लागले.

१७ जाने.
शेगडीशी पाय शेकत वाचत बसलो होतो. मंजुळा आतून ओरडत आली, काय जळतंय? माझी टाच जळत होती. मला पत्ताच नाही. दुधाने सहनशक्ती वाढलेली दिसते.

२१ जाने.
फोड फुटला. हळद लावली. दुखत नाही, म्हणजे बरं होतंय. टेस्ट केली नाही, स्पिरिट संपलं.

२६ जाने., सुट्टी
मंजुळाने परस्पर स्पिरिट आणवलं, टेस्ट स्वतः केली. नळी पुढे धरली: विटकरी. म्हटलं, उजेड नीट नाही. ती नळी घेऊन अंगणात गेली, मलाही बोलावलं. तिथेही विटकरीच. टाच काळी पडली आहे. वास येतो, तो हळदीचा असावा. मंजुळा म्हणाली, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. मी म्हटलं, आठवडाच उरलाय, महिना पुरा होऊ दे.

३१ जाने., पुणे
परवा ताप चढला. सोपानरावांनी बैलगाडीतून स्टेशनवर आणलं, तिथून इथल्या मोठ्या दवाखान्यात. इंजेक्शन का घेतलं नाहीत, असं इथल्या डॉक्टरांनी विचारलं. प्रोटीनचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, दुधाचं तुम्ही सांगता ते खरं आहे. मला फार आनंद झाला. मंजुळाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, उद्या सकाळी.

महिना पुरा व्हायला दोनच दिवस आहेत, तेवढं थांबता येईल का, विचारलं. म्हणाले, आठवड्यापूर्वी आला असता तर नुसती टाच साफ करून भागलं असतं.

कालपासून सहा इंजेक्शनं झाली. सुईचं काहीच वाटत नाही. मंजुळा पायाशी बसली आहे. चादर नीट करते, थोड्या वेळाने पुन्हा नीट करते. मला फार भीती वाटते आहे.