दोन प्रश्नांचा कौल

१२ नोव्हें. २००३, बुधवार
सुट्टी संपली. टी. वाय.च्या तर्कशास्त्राला पूर्ण पट हजर, म्हणजे सुनंदा. एकाच मुलीची हजेरी घेणं हास्यास्पद, पण घेतो. "सुनंदा?" "हजर, सर." मग दोघंही गंभीर होतो. प्राचार्य जिन्यात म्हणाले, "तीही गेली की विषय बंद. मग तुम्ही ग्रंथालय बघा." ग्रंथालयात कपाटं दोन, त्यातल्या एकात क्रिकेटचं सामान.

१४, शुक्र.
सुनंदाच्या घरची मेंढरं २६ला ताम्हिणी घाटानं कोकणात उतरणार. आईचा गुडघा गेलाय, म्हणून बिऱ्हाडाच्या भाकरी हिनं थापायच्या. भुकूमला आत्याकडे राहिली तर परीक्षा देता येईल. द्यायचीय तिला. सांगताना बाकाचा रंग नखानं खरवडत होती. मी भाषण केलं. माझी भाषणं चांगली होतात, उपयोग होत नाही.

१५, शनि.
कोळवण. एस.टी.त उभा. तिचे वडील, तात्या, मेंढी कातरत होते. कातर न थांबवता म्हणाले, "सर, म्या कोन ठरवनारा? उद्या बिरोबाला कौल लावतू." देवाच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. इतकी वर्षं तर्क शिकवून शेवटी... परतीची एस.टी. चुकली.

१७, सोम.
डावी पडली.
तात्यांनी विचारलं होतं, "पोरीला आत्याकडं ठिवू आन् कॉलेजात धाडू का?" सुनंदानं देवळातच हरकत घेतली. एका दमात दोन प्रश्न. देव नाही म्हणाला ते नेमकं कशाला? वेगवेगळं विचारा. (हा धडा दिवाळीआधीचा. मला वाटलं होतं, खिडकीबाहेर बघतेय.) तात्या म्हणाले, "आता देवाला बी तुजं सर शिकवनार व्हय?" पण पटलं त्यांना. रविवारी पुन्हा कौल. दिवसभर शीळ घालत होतो. क्लार्कनं विचारलं, पगार झाला का.

२३, रवि.
तिच्या चुलतभावाचा फोन. आत्याकडे ठेवू का? उजवी पडली. पेढे आणायला निघालो आणि चौकात पाय थांबले. दोन्ही मिळून नाही. पहिलं हो. म्हणजे दुसरं...
नाहीच. देवाला स्वतःचाच शब्द खोडायचा नसेल तर. शिंचा नियम. मीच तो गेल्या वर्षी पेपरात घातला होता.
कॉलेजात धाडू का, या दुसऱ्या प्रश्नाची पाकळी मात्र अजून एकही पडलेली नाही. तात्या समोर बसून आहेत. पेढे आणले नाहीत.

२४, सोम.
सुनंदा आली. पाकळ्या जागच्या जागी. "पडत न्हाई तवर कुनी न्हाई म्हनलेलं न्हाई, सर."
विचारलं, "कालचं ते... तुझ्या लक्षात आलं?"
"देवळातच आलं." वही उघडली. "तात्यांचा इषय न्हाई त्यो."
मेंढरं परवा निघायचीत.
आज नेमकी त्याच नियमाची उजळणी घ्यायची होती. सोडली, पुढचा धडा घेतला. पत्र्याखाली उकडत होतं. ती उठून पंख्याच्या बटणाकडे गेली. म्हटलं, राहू दे, वारं नको.
देऊळ इथून बरंच लांब आहे, माहीत आहे मला. तिनंही कारण विचारलं नाही.